रेंजरला बळ नको, काम द्या

नियम बदलला की खेळाडू बदलतो, हे गिरगावातल्या वाडीत क्रिकेट खेळलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. चेंडू थेट कुणाच्या गॅलरीत गेला की आऊट. एक टप्पा पडून एका हाताने झेल घेतला तरी आऊट. मैदानावर षटकार ठोकणारा दणकट गडी या वाडीत दोन चेंडूंत परततो आणि मनगटाने चेंडू जमिनीलगत सरकवणारा किरकोळ पोरगा तासभर हलत नाही. पोराला कुणी नवी बॅट दिलेली नसते. वाडीच्या नियमांनी त्याच्या अंगातल्या गुणाला काम दिलेलं असतं.

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांत हीच गोष्ट सगळ्यात ठळक दिसते ती रेंजर या पात्राच्या बाबतीत. गेल्या पन्नास वर्षांत डन्जन्स अँड ड्रॅगन्समधल्या कुठल्याही पात्राची इतकी दुरुस्ती झाली नसेल. मूळ नियम, त्यांवर ऐच्छिक नियम, त्या ऐच्छिक नियमांना पर्याय, आणि शिवाय प्रत्येक गटाचे घरचे नियम. यातलं काय घ्यावं, काय सोडावं, आणि घेतल्यावर रेंजर खेळणाऱ्याच्या वाट्याला नेमकं काय येतं, याचा हा आढावा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, काय करतो ते तोंडाने सांगतात, आणि जमलं की फसलं हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. आमचा गट पाच खेळाडू आणि एक डीएम असा. बैठक परळला, एका मित्राच्या दहा बाय बाराच्या खोलीत. पलंगावर तिघं, जमिनीवर तिघं, मधे स्टुलावर कॅरम बोर्ड आणि त्यावर शाळेचा आलेख कागद. काळ्या सोंगट्या शत्रूच्या, पांढऱ्या आमच्या, राणी म्हणजे समोरच्या टोळीचा म्होरक्या. या बोर्डावर मी तीन वर्षं रेंजर खेळतो आहे.

मराठी कानाला रेंजर म्हटलं की वनखात्याचे रेंजर साहेब आठवतात, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी. खेळातला रेंजर त्यांच्यापेक्षा आपल्या वाटाड्याच्या जवळचा. माग काढणारा, रानात तग धरणारा, पुढे जाऊन पाहून येणारा. २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला गाठलं, तेव्हा संख्या आणि सामान खानाकडे जास्त होतं. खिंड मात्र मावळ्यांच्या ओळखीची होती. लढाई कुठे व्हायची हे ज्याने ठरवलं त्याने ती जिंकली. रेंजरचं मर्म याहून चांगलं सांगणारं उदाहरण मला परक्या पुस्तकांत सापडलेलं नाही. लढाईआधीची वाट त्याच्या ताब्यात असते. कुठलाही नियम या वाटेचं काय करतो, हीच माझी त्याला लावायची कसोटी.

हा खेळ आला १९७४ मध्ये. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या त्या पहिल्या संचात रेंजर नव्हताच. तो १९७५ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात जो फिशर यांनी मांडला, आणि त्याच्यावर टोल्किनच्या अ‍ॅरागॉर्नची छाप उघड होती. म्हणजे रेंजरचा जन्मच जोडनियम म्हणून झाला. हवा तर घ्या, नको तर सोडा. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत तो मुख्य पुस्तकात आला, तोही कडक बंधनांसह. स्वतःच्या अंगावर आणि घोड्यावर मावेल तेवढीच मालमत्ता ठेवायची, उरलेली सत्कार्याला देऊन टाकायची. तीनपेक्षा जास्त रेंजरांनी एकत्र फिरायचं नाही. उघड्यावर माग काढण्याची शक्यता ९० टक्क्यांपासून सुरू व्हायची आणि पावसाच्या प्रत्येक तासामागे २५ टक्के वजा. जुलैतल्या मुंबईत बसून हा आकडा वाचला की हसू येत नाही, हिशेब सुरू होतो: चार तासांची सर म्हणजे माग संपला. त्या काळच्या नियमांना हवामान ठाऊक होतं, आणि ज्या नियमांना हवामान ठाऊक असतं त्यांना रेंजरची गरज असते.

पुढच्या आवृत्त्यांनी त्याला हळूहळू लढवय्या केलं. १९८८ मध्ये आर. ए. साल्व्हाटोर यांच्या कादंबरीतून दोन तलवारींचा ड्रिझ्ट आला. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीतला रेंजर दोन हातांत दोन शस्त्रं घेऊन उभा राहिला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत सगळे फायदे पहिल्याच पायरीवर, म्हणजे लेव्हलवर, ठेवल्यामुळे लोक एक पायरी रेंजरची घ्यायचे आणि दुसऱ्या पात्राकडे वळायचे. २००३ च्या दुरुस्तीने ते थांबवलं, धनुष्य की दोन शस्त्रं अशी निवड दिली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर तो निव्वळ घाव घालणारा झाला, खूप ताकदीचा, पण कसोटीला लावायला वाटच उरली नाही.

मधलं एक पुस्तक मात्र थांबून पाहण्यासारखं. २००४ चं ‘अनअर्थ्ड अर्काना’ हे पुस्तक सबंध ऐच्छिक नियमांचं, आणि त्यात शहरी रेंजर आहे. त्याला पावलांचे ठसे वाचायचे नसतात. तो विचारपूस करून माग काढतो. रानातल्या एका जातीच्या राक्षसांऐवजी शहरातली एखादी संघटना त्याची वैरी असते. आम्ही पाचव्या आवृत्तीचे नियम खेळतो, पण ही कल्पना उचलून घरचा नियम केला आणि तीन बैठकी जुन्या गिरणगावात खेळलो. एका फरार माणसाला शोधायचं होतं. पाळी सुटल्यावर हजारो पायांखालून गेलेल्या लालबागच्या रस्त्यावर ठसा कसला शोधणार? माझ्या रेंजरने खानावळवालीला गाठलं. तिच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवणाऱ्यांपैकी कोण कालपासून आला नाही, कुणाच्या ताटावर दुसराच कुणी बसला, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? फासा टाकायच्या आधीच सगळ्यांना कळलं की माग इथेच लागणार. एका ऐच्छिक नियमाने अख्खं पात्र चाळीत आणून बसवलं. मी वाचलेल्या सगळ्या पर्यायांत मला हा सर्वांत आवडतो, कारण त्याने रेंजरच्या घावात एकाही आकड्याची भर घातली नाही. त्याच्या नजरेला नवं रान दिलं.

आता मुख्य वादाकडे. २०१४ ची पाचवी आवृत्ती लोकांना आवडली, तिच्यातला रेंजर आवडला नाही. तक्रारी तीन होत्या आणि तिन्हींत तथ्य होतं.

पहिली, आवडता प्रदेश. पहिल्या पायरीवर खेळाडूने किनारा, वाळवंट, जंगल, गवताळ माळ, डोंगर, दलदल अशा यादीतून एक निवडायचा. त्या प्रदेशात तो गटाला चुकू देत नाही, अवघड जमिनीने वेग कमी होऊ देत नाही, अन्न दुप्पट शोधतो, दुसरं काही करत असतानाही सावध राहतो. दुसरीकडे गेला की यातलं काही नाही. आमच्या डीएमने पहिली मोहीम सतराव्या शतकातल्या मुंबईवर बेतली होती, जादू आणि राक्षस मिसळून. सात बेटं, मधल्या खाड्या, ओहोटी लागली की उघडी पडणारी चिखलवाट. मी पुस्तकातलं चित्र पाहून जंगल निवडून बसलो होतो. मग माहीमची खाडी आणि शिवडीचा चिखल यांत दोन महिने माझा रेंजर बाकीच्यांइतकाच आंधळा. चूक नियमाची तितकीच पहिल्या दिवशी नकाशा न विचारण्याचीही.

त्याहून खोल अडचण पुढे दिसली. डीएमने मला प्रदेश बदलून दलदल घेऊ दिली, आणि त्या दिवसापासून आमचा प्रवासच संपला. “रेंजर आहे, म्हणजे तुम्ही चुकत नाही. दोन दिवसांनी तुम्ही परळच्या बेटावर पोचता.” एवढंच वाक्य. ज्या गोष्टीत मी वाकबगार, ती गोष्टच टेबलावरून उचलली गेली. स्वयंपाकात ज्याचा हात धरणारा नाही त्याला सांगावं, तू आहेस ना, मग आज जेवण झालं असं धरून चालू, तसं हे. यावर आम्ही काढलेला तोडगा साधा आहे. रेंजर चुकत नाही हे कायम. पण डीएम त्याला तीन वाटा सांगतो, प्रत्येकीची किंमत सांगतो, आणि निवड त्याच्यावर सोडतो. चिखलातून गेलं तर अर्धा दिवस वाचतो पण भरतीची वेळ गाठते. टेकडीवरून सुरक्षित, पण धूर केला तर दिसतो. कोळ्यांच्या होडीतून गेलं तर तिसऱ्या माणसाला आपला पत्ता कळतो. या नियमाला फासा लागत नाही आणि याने आमच्या बैठकीतला अर्धा तास पुन्हा रेंजरचा झाला.

दुसरी तक्रार जनावराची. बीस्ट मास्टर या शाखेतल्या रेंजरला सोबती म्हणून एक प्राणी मिळतो. फार तर मध्यम आकाराचा, फार ताकदवान नसलेला. नियमांत बिबट्या बसतो, आणि मुंबईकराने दुसरं काय निवडायचं? पण त्याला हल्ला करायला सांगायचं तर रेंजरला स्वतःची कृती खर्च करावी लागे, म्हणजे सुरुवातीच्या पायऱ्यांवर दोघांपैकी एकच लढणार. तिसऱ्या पायरीवर त्या बिबट्याचे प्राणांक, म्हणजे घाव सोसण्याची ताकद, १३. एका आगीच्या फुत्काराला पुरत नाहीत. आमच्या गटातल्या एकीचा बिबट्या दुसऱ्याच लढाईत गेला. तिने त्याला नाव ठेवलं होतं, त्याच्या कानाला एक खाच आहे असं सांगितलं होतं. नियम म्हणतो, आठ तास देऊन दुसऱ्या प्राण्याशी नातं जोडा. तिने पुढच्या चार बैठकी दुसरा प्राणी घेतला नाही.

तिसरी तक्रार आदिम जाणीव या गुणाची. मंत्राची एक जागा खर्चून रेंजरला कळतं की मैलभरात अमुक जातीचे राक्षस आहेत. किती आहेत आणि कुठे आहेत, ते कळत नाही. याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही. तो नियम वाईटच होता.

प्रकाशकांनी २०१५ आणि २०१६ मध्ये दुरुस्तीचे मसुदे चाचणीसाठी काढले, २०१९ मध्ये आणखी एक. शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ आलं आणि त्यात रेंजरचे ऐच्छिक गुण अधिकृत झाले. पुष्कळ गटांत ‘रेंजर घेतोस? मग टाशा घे’ असं न विचारता सांगतात. माझं म्हणणं, थोडं थांबा. हे गुण एकगठ्ठा घ्यायचे नसतात, एकेक बदलता येतात, आणि सगळे सारख्या मोलाचे नाहीत.

जनावराचा बदल डोळे मिटून घ्यावा. आता सोबत्याला हुकूम द्यायला मुख्य कृती लागत नाही, जोडकृती पुरते. तिसऱ्या पायरीवर बिबट्याचे प्राणांक २०. मेला तर तासाभरात एक मंत्रजागा खर्चून त्याला परत उठवता येतं. यात एक गोष्ट हरवली, तीही सांगतो: आता फक्त तीन साचे आहेत, जमिनीवरचा, पाण्यातला, आकाशातला. बिबट्या काय आणि रानडुक्कर काय, आकडे तेच. खाच असलेल्या कानाची जबाबदारी खेळाडूवर आली. आमच्या मैत्रिणीने ती घेतली आणि तिचा बिबट्या परत आला. आदिम जाणिवेच्या जागी आलेले फुकटचे मंत्रही घ्यावेत. प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र दिवसातून एकदा खर्चाशिवाय मिळतो, आणि रानातल्या साक्षीदारांना विचारता येणं म्हणजे रेंजरचं हक्काचं काम.

जुन्या नियमांत रेंजर वैऱ्यांची एक जात आवडता शत्रू म्हणून निवडायचा; त्याच्या जागी जो गुण येतो तो पहिल्या पायऱ्यांवर घावात चार पैलूंच्या फाशाची भर घालतो, पण त्यासाठी एकाग्रता मागतो. रेंजरचे बरेच चांगले मंत्रही एकाग्रताच मागतात. दोन्ही एका वेळी चालत नाहीत. नव्या खेळाडूला बरा, सरावलेल्याला अडचण.

खरा पेच आहे तो आवडत्या प्रदेशाच्या जागी येणाऱ्या कुशल भटक्या या गुणाचा. तो एका कौशल्यात दुप्पट प्रावीण्य आणि दोन भाषा देतो, सहाव्या पायरीवर चढण्या-पोहण्याचा वेग, दहाव्यावर थकवा झटकण्याची शक्ती. कुठल्याही प्रदेशात चालतो. खाड्यांच्या मोहिमेत पोहण्याचा वेग काय कामाला येतो ते मी अनुभवलं आहे. पण तो घेतला की दुप्पट अन्न आणि न चुकणं हे दोन्ही जातं. आणि इथेच दुसऱ्या एका पुस्तकातले ऐच्छिक नियम या गुणाशी भांडायला उभे राहतात.

ते पुस्तक म्हणजे डीएमसाठीचं २०१४ चं मार्गदर्शक. त्यात खडतर वास्तव नावाचा पर्याय आहे. एरवी रात्रीच्या झोपेने सगळे मंत्र आणि प्राणांक परत येतात. या पर्यायात रात्रीची झोप म्हणजे छोटी विश्रांती, मोठी विश्रांती सात दिवसांची. जोडीला खेळाडूंच्या पुस्तकातला ओझ्याचा ऐच्छिक नियम घ्या, शक्तीच्या पाचपट पौंडांवर ओझं गेलं की वेग घटतो, आणि रोजच्या अन्नपाण्याचा हिशेब ठेवा. माणशी दिवसाला एक पौंड अन्न, एक गॅलन पाणी, उकाड्यात दोन.

आता आकडे पाहा. पाच जणांना रोज पाच पौंड. रेंजरकडे गुणकारी बोरांचा एक मंत्र असतो. दहा बोरं, एक बोर म्हणजे एका माणसाचा दिवसाचा आहार, पण बोरं चोवीस तासच टिकतात. सर्वसाधारण नियमांत हा एक मंत्र भुकेचा प्रश्न कायमचा मिटवतो, म्हणून पुष्कळ डीएम त्याच्यावर बंदी घालतात. खडतर वास्तवात बंदीची गरजच नाही. तिसऱ्या पायरीवर रेंजरला मंत्रजागा तीन, त्याही आठवड्याला. रोजच्या जेवणाला सात लागतील. उरलेले चार दिवस रानातून खायचं. शोधमोहिमेत यश आलं की सहा पैलूंचा फासा अधिक शहाणपणाचा गुण, तो तीन धरला तर सरासरी साडेसहा पौंड. पाच जण कसेबसे भागतात आणि फासा रुसला त्या दिवशी उपाशी. पण आवडता प्रदेश असेल तर दुप्पट, तेरा पौंड. दोन दिवसांची बेगमी एका दुपारात. शिवाय शोधताना त्याचं लक्ष वाटेवरून हटत नाही, बाकी कुणाचंही हटतं.

आमच्या टेबलावर हा पर्याय लागू झाला त्या आठवड्यात जादूगार खेळणाऱ्या मित्राने पहिल्यांदा मला विचारलं, “पुढे काय आहे रे?” तोवर कुणी विचारलं नव्हतं. त्याचे मंत्र आता मोजके होते, माझं रान मोजकं नव्हतं. म्हणून माझा निवाडा असा: प्रवासाचे नियम खेळत असाल तर जुना आवडता प्रदेश ठेवा आणि टाशातून जनावर व मंत्र तेवढे घ्या. प्रवास एका वाक्यात उरकत असाल तर टाशा सबंध घ्या. दोन्ही अर्धवट केलं की रेंजर दोन्हीकडून उपाशी राहतो.

लढाईचे ऐच्छिक नियमही आहेत, त्यांबद्दल थोडंच. २०१४ च्या पुस्तकात खास कसब, म्हणजे फीट, हा प्रकारच ऐच्छिक होता. त्यातलं नेमबाजाचं कसब घेतलं की नेमात पाच वजा करून घावात दहा अधिक मिळतात आणि धनुर्धारी रेंजर गटातला सर्वांत घातक माणूस होतो. मग तो वाट पाहत नाही, फक्त बाण सोडतो. मला तो रेंजर कंटाळवाणा वाटतो. शत्रूला दोन बाजूंनी घेरल्यावर फायदा देणारा नियम जवळून लढणाऱ्यांचा आहे, धनुष्यवाल्याला त्यातून काही नाही, म्हणून तो लावण्याआधी रेंजरकडे काय शस्त्र आहे ते पाहावं. २०१७ च्या ‘झॅनाथार्स गाइड’मधली अंधारात लपणारी, पहिल्याच फेरीत जादा घाव घालणारी शाखा मात्र ताकदही देते आणि दबा धरण्याचं कामही देते, तिला माझा विरोध नाही.

सप्टेंबर २०२४ च्या नव्या पुस्तकाने टाशातल्या बऱ्याच गोष्टी मूळ नियमांत घेतल्या आणि आवडता प्रदेश पुरता काढून टाकला. त्याऐवजी सावज हेरण्याच्या एका मंत्राभोवती पात्र बांधलं. विसाव्या, म्हणजे शेवटच्या पायरीचं बक्षीस काय, तर त्या मंत्राचा सहा पैलूंचा फासा दहा पैलूंचा होतो. वीस पायऱ्या चढलेल्या वाटाड्याला हे फार तोकडं आहे. आकड्यांत हा रेंजर सुदृढ आहे, पण रानाशी त्याचं नातं आता सर्वस्वी डीएमच्या मर्जीवर राहिलं.

इतर खेळांनी हा प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवला आहे. २०१९ च्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत रेंजर मंत्रांशिवाय उभा आहे, एक सावज निवडतो आणि त्याच्या मागावर राहतो. २०११ मध्ये आलेल्या ‘द वन रिंग’ने तर प्रवासालाच खेळाचा गाभा केलं. वाटाड्या, टेहळ्या, शिकारी, पहारेकरी अशी चार कामं गटात वाटून घ्यायची. तिथे रेंजरची दुरुस्ती करावी लागत नाही, कारण वाट सगळ्यांच्या डोक्यावर असते. प्रवासाचा तो भाग पाचव्या आवृत्तीच्या नियमांत बसवून २०१६ मध्ये स्वतंत्र पुस्तक निघालं, आणि दुसरं काही विकत घ्यायचं नसेल तर एवढं एक मिळवावं.

डीएम मंडळींना आणखी एक सांगणं. नियम कितीही चांगले निवडा, रान डोळ्यांसमोर उभं राहिलं नाही तर रेंजर काय वाचणार? ओक आणि पाइनची झाडं सांगू नका. ती आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली आहेत. मारुती चितमपल्ली वाचा, व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ वाचा. झाडाला, पाखराला, पाऊलवाटेला मराठीत किती नेमके शब्द आहेत ते तिथे मिळतं. आणि एका रविवारी ओहोटी पाहून शिवडीच्या धक्क्यावर जा. तिवरांच्या कडेने चिखलात कुठे पाय रुततो, कुठे रुतत नाही, हे उभ्या उभ्या दिसतं.

नवी मोहीम सुरू करत असाल, तर पात्रं बनवायला बसण्याआधी तीन गोष्टी खेळाडूंना सांगून टाका: नकाशावर कुठला प्रदेश जास्त आहे, अन्नपाण्याचा हिशेब ठेवणार की नाही, आणि मोठी विश्रांती एका रात्रीची की सात दिवसांची. मग विचारा, रेंजर कोण घेतंय.